खिळ्याशिवायचं गवती छप्पर किती वर्षं टिकतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: जपानच्या डोंगरातली शिराकावा-गोची गवताची घरं एकही खिळा न मारता दोनशे वर्षं उभी आहेत, छप्पर एकदा शाकारलं की ५० वर्षं बघावं लागत नाही, असं वाचलं. हे कितपत खरं? आणि खरं असेल तर हल्ली तिथलेच लोक वीस-पंचवीस वर्षांत छप्पर का उतरवतात?

दोन्ही गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत. खिळे नाहीत ते छपराच्या सांगाड्यात. आणि ५० वर्षांचा हिशेब घरात रोज चूल पेटायची त्या काळातला आहे. चूल विझली तसं छपराचं आयुष्य जवळपास निम्म्यावर आलं. पण तिथवर जाण्याआधी बांधणी समजून घ्यायला हवी, नाहीतर धुराचा आणि गवताचा संबंध लागत नाही.

आधी ठिकाण. ‘गाश्शो-झुकुरी’ म्हणजे हात जोडल्यासारखी बांधणी. छपराची दोन्ही पाखी, म्हणजे उताराच्या बाजू, नमस्काराच्या तळव्यांसारखी दिसतात म्हणून हे नाव. ही घरं शोगावा नदीच्या खोऱ्यात आहेत: गिफू प्रांतातलं ओगिमाची (‘शिराकावा-गो’ म्हणून फोटोत बहुतेक हेच गाव असतं), आणि नदीने आणखी खाली गेल्यावर तोयामा प्रांतात गोकायामा भागातली आइनोकुरा आणि सुगानुमा ही दोन छोटी गावं. १९९५ च्या डिसेंबरात ही तिन्ही युनेस्कोच्या यादीत गेली. इथला बर्फ भुरभुरीत नसतो. जपान समुद्रावरची वाफ डोंगराला अडून खाली येते, त्यामुळे तो ओला आणि जड असतो. २००६ च्या फेब्रुवारीत शिराकावात जमिनीवरचा थर जवळपास ३ मीटर भरला होता. पाख्यांचा उतार ४५ पासून ६० अंशांपर्यंत का नेला, ते यावरून कळतं.

आता बांधणी. बाहेरून एकच दिसलं तरी घर आणि छप्पर ही दोन वेगळी कामं आहेत, आणि ती करणारी माणसंही वेगळी. खालचा मजला हे सुतारांचं काम: दगडावर उभे खांब, खाचा पाडून आणि कुसू (खाचेत बसणारं लाकडाचं टोक) बसवून घट्ट केलेले सांधे. त्यावर आडव्या जाड तुळया. इथपर्यंत सगळं ताठ. तुळयांच्या वरचा सगळा त्रिकोण मात्र गावकऱ्यांनी बांधायचा. त्यात सांधा असा नाहीच, सगळं बांधलेलं.

खालच्या भागातली एक तुळई मुद्दाम बघण्यासारखी असते. डोंगरउतारावरच्या झाडांना लहानपणी बर्फ वाकवतो, पुढे ती सरळ वाढतात, पण बुंध्याशी बाक राहतो. असं झाड बाकासकट वापरतात. तिला ‘चोन्ना-बारी’ म्हणतात, कारण ती सुताराच्या वाकसाच्या (लाकूड तासायच्या हत्याराच्या) दांड्यासारखी वाकलेली असते. बाकाचं टोक बाहेरच्या बुटक्या खांबावर टेकतं आणि वरचा भार तिथे उतरतो. सरळ लाकडाला तासून असा आकार दिला असता तर त्याचे तंतू कापले गेले असते आणि नेमकं तिथेच ते फुटलं असतं.

छपराची प्रत्येक कैची म्हणजे दोन लांब, जाड ओंडके. वर ते एकमेकांना छेदतात आणि त्या बेचक्यात आढं, म्हणजे माथ्यावरचं आडवं लाकूड, बसतं. खाली प्रत्येक ओंडक्याचं टोक पेन्सिलीसारखं टोकदार तासलेलं असतं आणि तुळईत कोरलेल्या खळग्यात नुसतं टेकलेलं असतं. या टोकाला ‘कोमाजिरी’ म्हणतात. ना पाचर, ना कुसू. बाहेर सरकण्याचा जो जोर असतो तो खळगा अडवतो आणि तुळई ताणून धरते. पण ओंडका जागच्या जागी किंचित कलू शकतो. वादळ एका बाजूने आलं, किंवा एका पाख्यावरचा बर्फ घसरला आणि दुसऱ्यावर तसाच राहिला, तर सगळी कैची थोडी डोलते आणि परत जागेवर येते. इथे घट्ट सांधा दिला असता तर तो डोलण्याचा सगळा मार त्या एका सांध्याने खाल्ला असता.

कैच्यांवर आडवे दांडे, त्यावर वरून खाली येणारे बारीक वासे, त्यावर पुन्हा आडव्या काड्या, अशी जाळी होते. आतून तिरके आधारही बांधतात, आणि फोटो बघून ‘असंच’ घर बांधणारे हेच विसरतात. कैच्या आडव्या जोराला भक्कम असतात, पण घराच्या लांबीच्या दिशेने त्या पत्त्यांच्या रांगेसारख्या एकामागून एक कलंडू शकतात. तिरके आधार सैल पडले की आधी आढं एका बाजूला ओढल्यासारखं दिसतं. ते दिसलं की गवत बदलून उपयोग नाही, आधी सांगाडा ओढून घ्यावा लागतो.

हे सगळं बांधायला दोन वस्तू लागतात: भाताच्या पेंढ्याची दोरी आणि ‘नेसो’. नेसो म्हणजे मानसाकु नावाच्या झाडाचे कोवळे, अंगठ्याएवढे फोक. ओले असतानाच ते पिळतात. पिळताना आतले तंतू एकमेकांपासून सुटतात आणि लाकूड दोरीसारखं वळतं. वेढे घालून टोक आत खोचायचं, झालं. वाळताना नेसो आकसतो, त्यामुळे बांधल्यानंतर गाठ ढिली पडण्याऐवजी आवळत जाते. न पिळता नुसता वाकवलेला किंवा आधीच सुकलेला फोक वापरला तर तो वाकवतानाच चिरतो, आणि ती चीर बांधणाऱ्याला दिसतेच असं नाही.

कैचीमुळे मधे एकही खांब लागत नाही, म्हणून माळे मोकळे मिळतात. मोठ्या घरात ते एकावर एक दोन-तीन असतात. तिथे रेशीमकिड्यांच्या ताट्या मांडलेल्या असत. दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींतल्या खिडक्या उघडल्या की खोऱ्यातला वारा आरपार जातो. ओगिमाचीत घरांची आढी साधारण उत्तर-दक्षिण आहेत. वारा खोऱ्याच्या लांबीने वाहतो तेव्हा तो घराच्या अरुंद तोंडावर येतो, आणि ऊन सकाळी पूर्वेच्या, दुपारनंतर पश्चिमेच्या पाख्यावर पडतं, त्यामुळे दोन्ही बाजू वाळतात. गोकायामाच्या गावांनी तर घराच्या जमिनीखालीही कमाई केली: चुलीच्या आसपास खड्डे करून त्यात माती, रेशीमकिड्यांची विष्ठा आणि रानगवत थरांनी कुजवायचं, काही वर्षांनी ती माती धुऊन, पाणी आटवून सोरा काढायचा. तो बंदुकीच्या दारूसाठी कागाच्या सरदाराकडे जायचा, हा भाग त्याच्याच अमलाखाली होता. पण तो वेगळा विषय आहे.

आता गवत. जपानीत ‘काया’ हा शब्द छपराला चालणाऱ्या सगळ्या उंच गवतांना लावतात. या खोऱ्यात त्यातली दोन महत्त्वाची: एक जाड काडीचं सुसुकी, दुसरं बारीक काडीचं कारियासु, ज्याला इथे ‘कोगाया’ म्हणजे लहान काया म्हणतात. कोगाया बारीक असल्याने दाट बसतं, त्यात पाती कमी, त्यामुळे ते पाणी धरून ठेवत नाही आणि जास्त टिकतं. त्यामानाने ते उगवतं कमी आणि कापायला कष्ट जास्त. सुसुकी भराभर मिळतं. कुठलंही असो, कापणीची वेळ चुकवून चालत नाही. शरदाच्या अखेरीस, दहिवर पडून पाती सुकली की आणि पहिल्या मोठ्या बर्फाआधी, मधे फार तर काही आठवडे मिळतात. आधी कापलं तर काडीत रस असतो, तिला बुरशी आणि किडे लागतात. उशीर केला तर बर्फाखाली सगळं आडवं होतं. कापलेलं गवत पेंढ्या बांधून, उभं करून वाळवायचं आणि कोरडं साठवायचं. कुरण दरवर्षी कापलं नाही तर दोन-चार वर्षांत त्यात झुडपं शिरतात, आणि झुडपात वाढलेली काडी वाकडी निघते.

शाकारणीत सगळं अवलंबून आहे ते काडीच्या कलावर. पाख्याचा उतार ६० अंश असला तरी त्यातली काडी ६० अंशात झोपलेली नसते. तिचा कल बराच कमी, पण बाहेरच्या बाजूला खाली, असा ठेवावा लागतो. काडीचा बुंधा बाहेर आणि खाली, शेंडा आत आणि वर. पावसाचा थेंब एका बुंध्यावरून खालच्या बुंध्यावर उतरत वळचणीपर्यंत जातो. अर्ध्या मीटरहून जाड छप्पर असूनही वरचे काही सेंटीमीटरच भिजतात, ते यामुळे. एखाद्या थरात काडी सपाट पडली किंवा तिचा बुंधा शेंड्यापेक्षा वर गेला, तर ती पन्हाळीसारखं पाणी आत नेते. छपरावर चढलेला माणूस दर थोड्या वेळाने थराखाली आडव्या गवताची उशी सारत असतो, ते हा कल राखण्यासाठी. नवशिक्याचं काम ओळखायचं असेल तर इथे बघा. वरून कापून सारखं केलेलं छप्पर पहिली दोन-तीन वर्षं सुरेखच दिसतं. चूक पाचव्या-सहाव्या वर्षी, आतल्या बाजूला ओल आल्यावर कळते.

कामाचा क्रम असा. एका वेळी सहसा एकच पाखं घेतात. पहाटे जुनं गवत उतरवायला सुरुवात होते. काजळीचा धुरळा इतका उडतो की तासाभरात सगळ्यांचे चेहरे काळे. उतरवलेलं गवत लगेच निवडलं जातं. आतल्या बाजूचं धुराने काळं झालेलं गवत बऱ्याचदा शाबूत असतं, ते पुन्हा आतल्या थरात जातं. कुजलेलं शेतात खत म्हणून. सांगाडा उघडा पडला की सुटलेले नेसो आणि खालची काड्यांची चटई बदलून घेतात. हे आत्ता राहिलं तर पुढची संधी थेट पुढच्या शाकारणीत.

मग वळचणीपासून वर. पेंढ्या पसरायच्या, बडवून बुंधे उतारात आणायचे, वर आडवा दांडा ठेवायचा आणि तो आतल्या वाशाला दोरीने बांधायचा. छप्पर जाड असल्याने दोरी आत न्यायला लांब लाकडी सुई लागते. वरचा माणूस सुई खुपसतो. आत, अंधाऱ्या माळ्यावर, दुसरा माणूस सुईतली दोरी काढून घेतो, वाशाला वळसा देतो आणि सुई दुसऱ्या बाजूने परत पाठवतो. दोघं एकमेकांना दिसत नाहीत, सगळं ओरडून चालतं: अजून डावीकडे, खाली, ओढ. दोरी ओढताना वरचे लोक दांड्यावर उभे राहून वजन देतात. आतल्याने चुकून वाशाऐवजी नुसत्या आडव्या काडीला वळसा घातला तर दोरी घट्ट लागल्यासारखी वाटते, पण पहिल्या जड बर्फात ती काडी मोडते आणि त्या पट्ट्यातलं गवत सरकतं. म्हणून आतल्या जागी अनुभवी माणूस बसवतात, जरी फोटोत तो कधीच येत नसला तरी.

पुढचा थर मागच्या थराचा दांडा आणि दोरी पूर्ण झाकतो. ती दोरी छपराच्या आयुष्यात पावसाला दिसता कामा नये. वर्षानुवर्षं पाऊस, ऊन आणि घसरणारा बर्फ यांनी गवत झिजत जातं आणि एक दिवस दांडे बाहेर डोकावू लागतात. तेव्हा छप्पर संपलं असं समजायचं. मग पाणी दोरीच्या वाटेने सरळ आत उतरतं, दोरी कुजते आणि एकेक पट्टा सुटत जातो. त्याआधी, खड्डे लहान असताना, जुन्या गवतात नव्या मुठी खुपसून डागडुजी करता येते. ती वेळेवर केली तर काही वर्षं सहज वाढतात.

आढं हा सगळ्यात कमजोर भाग. तिथे दोन्ही पाखी मिळतात आणि काडीला उतार उरतच नाही, म्हणून वरून आडव्या पेंढ्यांचं जाड पांघरूण घालून ते आरपार घातलेल्या दांड्यांना बांधतात. ते पाख्यांच्या मानाने फार लवकर झिजतं. पाखी वीस वर्षं चालतील, आढ्याकडे मात्र जवळपास दरवर्षी बघावं लागतं. ‘५० वर्षं हात लावावा लागत नाही’ हे वाक्य इथेच पडतं. शेवटी मोठ्या कात्रीने वरून खाली कापत येतात, आणि येता येता पाय ठेवायला बांधलेले बांबू काढत येतात.

बर्फाबद्दलही एक गैरसमज काढायला हवा. उतार कितीही उभा असला तरी सगळा बर्फ आपोआप पडत नाही. छपरावरून घसरलेला बर्फ वळचणीखाली साचतो, वाढत वाढत छपरावरच्या बर्फाला येऊन मिळतो. मग खालचा ढीग बसत जातो तसा तो वरच्या थराला, आणि त्याबरोबर वळचणीच्या गवताला, खाली ओढतो. म्हणून हिवाळ्यात वळचणीखालचा बर्फ काढत राहणं हेच मुख्य काम असतं, आणि रिकाम्या घराची पहिली हानी बहुधा वळचणीलाच दिसते.

आता धूर. घराच्या मधोमध जमिनीत चौकोनी चूल असते, इरोरी. धुराडं नाही. चुलीवर एक मोठी लाकडी चौकट टांगलेली असते. ती ठिणग्या अडवते आणि धूर व ऊब बाजूंना पसरवते. माळ्यांच्या जमिनी फटीफटीच्या असल्याने धूर सगळ्या माळ्यांतून फिरत गवतातून बाहेर पडतो. यात तीन कामं होतात. गवत आतून कोरडं राहतं, त्यामुळे वरून भिजलेला थर लवकर सुकतो. किडे राहत नाहीत. आणि नेसो, दोऱ्या, ओंडके यांच्यावर काजळीचं पुट चढतं. उतरवलेल्या जुन्या छपरातला नेसो लोखंडासारखा कडक आणि काळाभोर निघतो, तो या पुटामुळे.

गॅस आणि वीज आल्यावर इरोरी थांबली. उतारूंसाठी खोल्या काढताना फटी बंद करून खाली सपाट छत मारलं गेलं, म्हणजे चूल पेटवली तरी धूर वर पोचत नाही. आज ओगिमाचीत साधारण २० ते ३० वर्षांत आणि गोकायामात त्याहूनही लवकर पाखं बदलावं लागतं. सगळा दोष धुराच्या नावावर टाकणंही बरोबर नाही. कोगायाच्या जागी सुसुकी आलं, घरामागची झाडं वाढून सावली पडली की त्या पाख्यावर शेवाळ धरतं, आणि डागडुजीला माणूस मिळत नाही. तरी माझ्या मते पहिला क्रमांक धुराचाच. संग्रहालय म्हणून उघडी ठेवलेली घरं मुद्दाम रोज चूल पेटवतात. ती पाहुण्यांना दाखवण्यासाठी पेटवतात असं वाटतं, पण त्यांना छप्पर वाचवायचं असतं.

माणसांचं गणितही त्याच वेळी बिघडलं. पाखं एकदा उघडलं की पाऊस यायच्या आत झाकायला हवं, म्हणजे एक-दोन दिवसांत. त्याला शंभर-दोनशे हात लागतात. एवढी मजुरी कुठल्याही एका घराला परवडणारी नव्हती. त्यावरची तोड म्हणजे ‘युइ’, आपल्याकडची सावड: एकमेकांच्या कामाला आळीपाळीने जायचं. फरक इतकाच की इथे परतफेड पुढच्या हंगामात होत नाही, ती वीस-तीस वर्षांनी, कदाचित पुढच्या पिढीकडून होते. म्हणून वही ठेवायचे: कुणी किती दिवस काम केलं, किती पेंढ्या, किती दोरी, काय खाणंपिणं आणलं. त्याच्या घरची वेळ आली की वही उघडून तेवढंच न्यायचं. गावातली घरं कमी झाली, बाकीच्यांवर पत्रे आले, की ही वही जुळेनाशी होते. ज्याच्याकडे गवताचं छप्परच नाही त्याला परतफेड काय करणार?

१९५० नंतर धरणांनी काही वाड्या बुडवल्या (मिहोरो धरण १९६१ मध्ये पूर्ण झालं), कित्येक घरं विकली किंवा दुसरीकडे हलवली गेली. योकोहामाच्या सांकेइएन बागेत यानोहारा घराण्याचं घर आज आहे, ते असंच. ओगिमाचीच्या लोकांनी १९७१ मध्ये आपणहून नियम केला: विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. १९७६ मध्ये सरकारी संरक्षण मिळालं. आता बरंचसं शाकारणीचं काम व्यावसायिक कारागीर आणि वनसहकारी संस्था करतात. मोठ्या घराचं काम कोटी येनच्या घरात जातं, आणि त्यातला मोठा वाटा सरकारी अनुदानातून येतो. गवत काही वेळा बाहेरच्या प्रांतांतून आणावं लागतं, त्यामुळे गावाची जुनी कुरणं पुन्हा उठवण्याचं काम चालू आहे. २०२० मध्ये युनेस्कोने जपानच्या लाकडी बांधकामाच्या परंपरागत कसबांना अमूर्त वारशात घेतलं, त्यात शाकारणीबरोबर गवत कापण्याचंही कसब धरलं आहे. ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आगीचं थोडक्यात. धूर हवा, ठिणगी नको, हा या घरांचा कायमचा पेच. ओगिमाचीत डोंगरावर ६०० टनांची टाकी आहे, आणि तिथून उताराच्या दाबाने चालणाऱ्या ५९ पाण्याच्या तोफा घरांमधून पेरलेल्या आहेत. वीज गेली तरी चालतात. शरदात त्या सगळ्या एकदम उडवून तपासतात. जळतं छप्पर विझवणं हा त्यांचा पहिला हेतू नाही. एका घराची ठिणगी शेजारच्या कोरड्या गवतावर पडू नये म्हणून आधी आजूबाजूची छपरं भिजवायची. २०१९ च्या नोव्हेंबरात गावाच्या वाहनतळाजवळच्या छोट्या कोठ्या जळाल्या, तेव्हा याच तोफा सुरू केल्या होत्या.

तुम्ही प्रत्यक्ष जाणार असाल तर ओगिमाचीत उघडी असलेली घरं (वादा, कांदा, नागासे) आणि आइनोकुरा असे दोन वेगळे दिवस ठेवा. घरात शिरल्यावर खाली रेंगाळू नका, पहिल्या माळ्यावर जा आणि बाहेरच्या कडेला वाका. तिथे कैचीचं तासलेलं टोक तुळईच्या खळग्यात टेकलेलं दिसेल. मग वर बघा: नेसो काळे आणि चकचकीत असतील तर घरात चूल पेटते. तपकिरी, कोरडे आणि धुळीने भरलेले असतील तर बाहेर येऊन वळचणीपासून वर नजर फिरवा. बहुधा कुठेतरी एखादा दांडा डोकावताना सापडेल.